ठाणे स्टेशनवर मोबाईल चोरीला गेला. रेल्वे केंद्राची, मग तक्रार राज्याच्या पोलिसांकडे का?

रेल्वे केंद्राचीच; राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ती संघ सूचीत आहे. पण पोलीस हा विषय राज्य सूचीत येतो, आणि तिथल्या दुसऱ्या नोंदीत रेल्वे पोलिसांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून फलाटावर दोन वेगळे गणवेश दिसतात. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, त्याच्याकडे रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा. चोरी-मारहाणीचा गुन्हा मात्र राज्याचे लोहमार्ग पोलीस नोंदवतात आणि तपासही तेच करतात. तेव्हा थेट ठाणे लोहमार्ग पोलीस ठाण्यात जा. 'आमची हद्द नाही' म्हणून कुणी कळव्याला नाहीतर वाशीला पिटाळलं तर अजिबात ऐकू नका. जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) हद्दीबाहेरचा असला तरी नोंदवावाच लागतो. प्रत मोफत मिळते, मागून घ्या.