पावसाळ्यापूर्वी टायर बदलावेत का? खाचांची खोली मोजून ठरवा

आपण विचारले आहे, की गाडी ४२,००० किलोमीटर चालली असून टायरची नक्षी अजून दिसते, पंक्चरवाल्याच्या मते आणखी एक पावसाळा सहज निघेल आणि आपल्याला दर शनिवारी पुण्याहून द्रुतगती मार्गाने मुंबईला जावे लागते. तर टायर आताच बदलावेत का?

नक्षी दिसते एवढ्यावर कृपया निर्णय घेऊ नका, तिची खोली मोजा. काडेपेटीतली काडी खाचेच्या तळापर्यंत उभी टेकवून रबर संपते तिथे नखाने खूण करावी आणि ती पट्टीवर मोजावी. प्रत्येक टायरवर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तिन्ही खाचा पाहाव्यात, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलेले असेल तर बहुधा आतली कडच झिजते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय ती नजरेस पडत नाही. कायद्याने मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर खोली आवश्यक आहे. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे लहान उंचवटे असतात आणि रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर बाद समजावा. मात्र आपला रस्ता आणि वेग पाहता ३ मिलिमीटरच्या खाली माप आले, तर जूनपूर्वीच टायर बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्यावरचे पाणी चाकाखालून बाहेर फेकणे हे खाचांचे काम आहे. त्या उथळ झाल्या, की पाण्याला वाट मिळत नाही, टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून नासाने १९६० च्या दशकात मांडलेल्या सूत्रानुसार टायर ज्या वेगाला तरंगू लागतो, तो वेग टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो: ३२ पीएसआयला ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २४ पीएसआयला सुमारे ८२. मोटारीसाठी हे आकडे ढोबळच मानावेत; पण द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मुभा आहे, हे लक्षात घेतले, की कमी हवा किती महागात पडू शकते ते समजते. म्हणून दर शनिवारी निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, हवा तपासून घ्यावी.

दोनच टायर बदलणार असाल, तर नवे टायर मागे बसवण्याचा आग्रह धरा. तीन वर्षांपूर्वी मी हा आग्रह धरला नाही. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते, असे सांगून दुकानदाराने नवी जोडी पुढे बसवली आणि जुलैमध्ये कामशेतच्या पुढे एका वळणावर साचलेल्या पाण्यात पुढची चाके पकड धरून वळली, पण मागची झिजलेली चाके बाहेर सरकली. गाडी अर्धी फिरून कडेला थांबली. मागे ट्रक नव्हता म्हणूनच हे उत्तर लिहू शकतो आहे. पुढची चाके घसरली तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर पकड परत येण्याची आशा असते. मागची घसरली, की सामान्य चालकाला गाडी सावरणे फार कठीण जाते.

चाके तरंगल्याचे जाणवले, तर जोरात ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढून स्टिअरिंग स्थिर धरावे. पावसात क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम राखणारी सोय, बंदच ठेवावे.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंकही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. रबर वापराविनाही कडक होते, त्यामुळे वर्षानुवर्षे डिकीत पडून असलेली स्टेपनी नव्यासारखी दिसली, तरी तिचा आठवडा पाहिल्याशिवाय ती चार चाकांत घेऊ नका.