मी गेल्यावर हे घर कुणाचं?

प्रश्न : ताई, मी ६३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. राहता फ्लॅट माझ्या पगारातून, माझ्या एकटीच्या नावावर घेतलाय. सोसायटीत नॉमिनी म्हणून बहिणीच्या मुलीचं नाव दिलं आहे. माझं दुखलंखुपलं तीच बघते. समोरच्या सूनबाईंकडे घराची जादा किल्ली असते. मृत्युपत्राचा विषय काढला की भाऊ म्हणतो, "नॉमिनी आहे ना? मग कशाला अभद्र बोलतेस?" त्याचं बरोबर आहे का?

उत्तर : नाही. भाऊ मायेनं बोलतो, हे समजतं. पण या बाबतीत त्याचं ऐकू नका.

माझी मावशी तुमच्यासारखीच होती. विधवा, मूल नाही, स्वतःच्या कमाईचं दोन खोल्यांचं घर. शेवटचे अकरा महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि माझी धाकटी बहीण तिच्याजवळ राहिली. नॉमिनी बहीणच होती. मृत्युपत्र मात्र "करू, करू" म्हणत राहून गेलं. मावशी गेल्यावर तिच्या दिराची मुलं आली. वीस वर्षांत ती कधी फिरकली नव्हती. ती वाईट माणसं नव्हती, आणि कायदा त्यांच्याच बाजूनं होता. बहिणीनं किल्ल्या दिल्या तेव्हा जुडग्याला मावशीनं बांधलेली हिरवी नाडी तशीच होती. ती सोडून घ्यायचंही तिला सुचलं नाही.

असं का झालं? तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू होतो असं धरून सांगते. १९५६ च्या त्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. आईवडिलांचा नंबर त्यानंतर, आणि माहेरचे बाकीचे त्याच्याही मागे. मूलबाळ नसलेल्या बाईला आईवडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वतः कमावलेल्या घराला ही सवलत नाही. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरनं घराबाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरीला लागलेली एक बाई १९९६ साली मृत्युपत्राविना वारली. तिची कमाईसुद्धा नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल २००९ चा. मला तो आजही अन्यायाचा वाटतो, पण आपल्याला चालायचं आहे ते आहे त्या कायद्यानं.

आणि नॉमिनी? तो राखणदार. तुमच्यामागे सोसायटीनं व्यवहार कुणाशी करायचा, एवढंच त्यानं ठरतं. मालकी ठरते ती मृत्युपत्रानं, ते नसेल तर वारसा कायद्यानं. बँकेतल्या ठेवींचंही तेच, त्यामुळे त्याही मृत्युपत्रात लिहा.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. तुमची सही हवी आणि दोन साक्षीदारांच्या तुमच्यासमोर केलेल्या सह्या हव्यात. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवायची गरज नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरीही दुय्यम निबंधकांकडे जाऊन करून घ्या. आणि तुम्ही शुद्धीत, समजून उमजून सही करताय असं डॉक्टरांचं पत्र त्याच दिवशी घ्या. उद्या कुणी शंका काढलीच, तर भाचीच्या हातात काहीतरी असेल. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं, शेवटचं ग्राह्य धरतात. मजकूर एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

भाचीला मात्र साक्षीदार करू नका, घर तिलाच द्यायचंय. साक्षीदार तुमच्याहून वयानं लहान, जवळ राहणारा आणि वेळ आली तर न्यायालयात उभं राहून "हो, ही सही माझ्यासमोर झाली" असं सांगणारा हवा. दोघांपैकी एक तर तुमच्या समोरच राहते. मावशीला रात्री दवाखान्यात नेलं तेही शेजारणीनं. अर्जावर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात तिनं 'शेजारी' लिहिलं होतं. या रविवारी सूनबाईंना चहाला बोलवा आणि सरळ विचारा.