‘व्हीगन’ म्हणू नको, ‘सोडलंय’ म्हण

भाऊ, तुझं वाचून हसू पण आलं आणि माझे सुरुवातीचे दिवस पण आठवले. पुण्याहून बदली होऊन जळगावात तीन महिने झाले, तू व्हीगन, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारा, म्हणून बाहेर जेवायचं म्हटलं की जीरा राईस नाहीतर काकडी-टोमॅटो, ऑफिसातले चिडवतात, आणि शुक्रवारी टीमचं जेवण आहे तर काय करू, हे विचारलंयस. मला दूध-दही-तूप बंद करून ७ वर्षं झाली, सगळी इथेच, जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी वाईट बातमी. तो जीरा राईस तू सेफ समजून खातोयस ना, बऱ्याच हॉटेलात तो तुपात नाहीतर बटरमध्येच परततात. विचारलंस का कधी? नसेल विचारलं तर आता जाऊ दे, झालं ते झालं.

तुझी गडबड अशी होतेय की तू ‘प्युअर व्हेज’ची पाटी बघून एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये शिरतोस, आणि आपल्यासाठी सगळ्यात अवघड जागा तीच. तिथे सकाळीच लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या पातेलं भरून तयार करून ठेवतात, पांढरीत काजू-मगजाबरोबर खवा किंवा दूध असू शकतं, रात्री नुसतं त्यात काहीतरी टाकून वर क्रीमची रेघ मारून आणतात. वेटर बिचाऱ्याला माहीतच नसतं आत काय आहे. मी एकदा एका ठिकाणी तीनदा सांगितलं की रोटीला बटर नको, तरी रोटी चकाचक चमकत आली, म्हटलं हे काय, तर म्हणे, "साहेब बटर कुठंय, मस्का लावलाय." आता बोल!

त्यापेक्षा साध्या शेवभाजीच्या ढाब्यावर जा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला, तेल, आणि वरून बेसनाची जाड तिखट शेव, यात दुधाचा संबंध येतो कुठे? शिवाय भाजी तुझ्यासमोर कढईत बनते, बघता येतं. फक्त नॉनव्हेज पण मिळणारा ढाबा असेल तर वरची तर्री कुठल्या पातेल्यातली हे विचारून घे, आणि डाव-कढई एकच असते ते तुला चालतं का हे तुझं तू ठरव, मला नाही चालत म्हणून मी निव्वळ व्हेज ढाबे धरून ठेवलेत. पाटोडीचा रस्सा, डुबुकवडे, हिरव्या मिरचीची भाजी, उडदाचं घुटं, ठेचा, बिबडे... आपलं खानदेशी जेवण मुळात तेल-शेंगदाणा-खोबऱ्याचं आहे रे, तूप येतं ते वाढताना, सगळ्यात शेवटी वरून. म्हणजे लढाई स्वयंपाकघरात नाहीच, ताटापाशी आहे.

आणि भरीत! तू थंडी संपता संपता आलास म्हणून तुझं हुकलं. इथल्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, केळीला पण त्याच वर्षी. आसोदा, बामणोद या त्या वांग्यांच्या गावांची नावं कानावर पडली असतीलच. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी-पांढरी मोठाली वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबरं आणि तेलाची सढळ फोडणी. दुसरीकडे भरितात दही घालतात, आपल्याकडे नाही, तो प्रश्नच मिटला. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीत अख्खे उडीद दळलेली. फक्त भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची पद्धत आहे, तो हात वेळेत अडवायचा.

तर हात अडवायचा कसा, मुद्दा हा आहे. "मी व्हीगन आहे" म्हटलं की लोक "म्हणजे जैन?" विचारतात आणि कांदा-लसूण काढून तुपातली डाळ आणून देतात. मग मी "पचत नाही" म्हणायला लागलो, तर जो तो औषध सांगायला लागला, एका गावातल्या पंगतीत आजी जवळ येऊन विचारते, "तब्बेत बरी नही शे का रे भाऊ?" आणि वर गायीचं तूप औषधीच असतं म्हणून दोन चमचे जास्त. "ॲलर्जी" म्हणून पण पाहिलं, हॉटेलवाला घाबरतो आणि सरळ काही नाही म्हणतो, आणि खोटं ते खोटंच, दुसऱ्या दिवशी कोणी ओळखीचं निघालं की पंचाईत.

शेवटी एकदा सहज तोंडातून निघालं, "दूध-तूप सोडलंय मी." आणि विषय संपला! कारण सोडणं म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं. काशीला जाऊन एखादी आवडती वस्तू सोडून आलेली म्हातारी माणसं घरोघर आहेत, माळकरी आहेत, चातुर्मासात वांगं-कांदा सोडणारे आहेत. सोडलेल्या माणसाला कोणी आग्रह करत नाही, उलट वाढणारा पुढच्याला ओरडून सांगतो, यांना तूप नको रे. कोणी विचारलं का सोडलं, तर खरं कारण सांग, गायी-म्हशींचं जे काय तुला वाटतं ते, तेव्हा लोक ऐकून पण घेतात. मला वाटतं कारण आधी सांगितलं की वाद होतो, नंतर सांगितलं की गप्पा होतात.

शुक्रवारचं म्हणशील तर तूच पुढाकार घेऊन वरण-बट्टी सुचव, कोणी नाही म्हणणार नाही. मात्र दुपारीच फोन कर, गर्दीच्या वेळी नको, आणि मॅनेजरला विचार की बट्टीच्या पिठात मोहन तेलाचं की तुपाचं, दही घालतात का, आणि तळण कशाचं. तेलाचं असेल तर तुझं वरण फोडणीआधी वेगळं काढायला सांग. घोटलेली वांग्याची भाजी बिनधास्त खा. नान-कुलच्याच्या नादी लागू नको, पिठात दही-दूध असतं, साधी तंदुरी रोटी "कोरडी" म्हणून मागव, "विदाऊट बटर" म्हणू नको, मस्क्याचा किस्सा सांगितलाच वर. डोसा खाणार असशील तर तव्यावर तेल सोडायला सांग आणि पांढऱ्या चटणीत दही आहे का ते विचार.

पाकिटातल्या वस्तूंचं, हिरव्या ठिपक्यावर जाऊ नको, त्यात दूध येतं. व्हीगनचा वेगळा लोगो २०२२ च्या नियमांत आलाय, हिरवा व्ही आणि त्यावर छोटं पान, पण इथल्या दुकानात क्वचित दिसतो, तेव्हा मागचं घटक वाचायचं. साधे मिठाचे केळीचे वेफर्स चालतात, फ्लेवरवाल्यांत दूध पावडर असू शकते. आणि हो, बी-१२ ची गोळी डॉक्टरला विचारून सुरू कर, ठेच्यात ते मिळत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळीला बोलावलं तर रसात दूध घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढायला सांगून ठेव, मी दरवर्षी आदल्या दिवशीच फोन करतो, आता तर काकूच आधी फोन करतात.

चहाचं मात्र अवघड आहे. टपरीवर बिनदुधाचा मागितला की तो बिचारा पैसे घ्यायलाच लाजतो.