ड्राइव्ह कुठल्या रीजनला अडकलाय?

प्रश्न : जुना लॅपटॉप घेतला आहे, विंडोज १०. बहिणीने न्यू जर्सीहून आणलेली सिनेमाची डीव्हीडी लावली की रीजन बदलायचा का, असं विचारणारी चौकट येते. आधीच्या मालकाने रीजन किती वेळा बदललाय, ते कसं कळेल? (वाचक, ठाणे)

उत्तर : रीजन म्हणजे सिनेमाची डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी ते सांगणारा आकडा. डिस्कचा आणि ड्राइव्हचा आकडा जुळावा लागतो. आधी ती चौकट 'कॅन्सल' करा. नुसतं बघितल्याने काही खर्ची पडत नाही, 'ओके' म्हटल्याने पडतं.

विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा आणि यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज'शेजारच्या बाणावर क्लिक केलं की ड्राइव्हचं मॉडेल दिसेल. त्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'डीव्हीडी रीजन' हा टॅब उघडा. तिथे देशांची लांबलचक यादी असते, तिला हात लावू नका. तुमच्या कामाच्या दोनच ओळी आहेत. 'करंट रीजन' म्हणजे ड्राइव्ह आत्ता कुठल्या रीजनवर आहे, आणि 'चेंजेस रिमेनिंग' म्हणजे अजून किती वेळा बदलता येईल. वाचून झालं की इथेही 'कॅन्सल' करूनच बाहेर पडा.

कोऱ्या ड्राइव्हला एकूण ५ संधी मिळतात आणि पहिल्यांदा रीजन ठरवणं हीसुद्धा त्यातलीच एक. म्हणजे ४ दिसले तर रीजन एकदाच ठरवलेला आहे, पुढे कोणी छेडछाड केलेली नाही. १ दिसला तर जपून, कारण तो वापरल्यावर जो रीजन बसेल तो कायमचा.

आता डिस्क बघा. वेष्टनाच्या मागे पृथ्वीगोलाच्या चित्रात आकडा असतो. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, चीन ६. आपण ५ मध्ये. रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग आपल्याच पंक्तीला. गोलात 'ऑल' लिहिलेलं असेल तर रीजनचा प्रश्नच नाही. आपल्याकडच्या सिनेमांच्या बऱ्याच डिस्क अशाच निघत. लग्नाच्या व्हिडिओच्या किंवा फोटो भरून ठेवलेल्या डिस्कना तर रीजन नसतोच. ती डिस्क चालत नसेल तर दोष दुसरीकडे शोधा.

घात होतो तो आलटून पालटून बघण्याने. आज १ ची डिस्क, उद्या ५ ची, आणि दर वेळी सवयीने 'ओके'. आठवडाभरात पाचही संधी संपतात. न्यू जर्सीच्या डिस्क बऱ्याच असतील तर यूएसबीचा वेगळा ड्राइव्ह घ्या, तो एकदाच १ वर बसवा आणि लॅपटॉपचा ५ वरच राहू द्या. रीजन बदलताना त्याच रीजनची डिस्क आत असावी, नाहीतर बरेच ड्राइव्ह बदल नाकारतात.

प्रश्न : 'चेंजेस रिमेनिंग' ० झालं आहे. विंडोज फॉरमॅट करून नव्याने टाकलं, तरी ०च. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तो आकडा विंडोजमध्ये नसतोच. तो ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये लिहिलेला असतो. ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलात तरी रीजन आणि शून्य दोन्ही सोबत जातील. १ जानेवारी २००० पासून नवे ड्राइव्ह असेच बनवायचे असं ठरलं. या पद्धतीला आरपीसी-२ म्हणतात. त्याआधीच्या आरपीसी-१ ड्राइव्हमध्ये असं कुलूप नसे, रीजनची तपासणी सॉफ्टवेअर करायचं. कंपनीला आकडा पुन्हा ५ करण्याची सोय ४ वेळा ठेवलेली आहे, पण कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याच्या हातात ती नसते. इंटरनेटवरून भलतंसलतं फर्मवेअर (ड्राइव्हच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) चढवू नका. मॉडेलमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी ड्राइव्ह कायमचा गप्प होतो. बदली ड्राइव्ह घेणं सरळ पडतं.

प्रश्न : विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) असेल तर ड्राइव्हचा रीजन कुठे दिसतो? (वाचक, पुणे)

उत्तर : 'रीजनसेट' नावाचं छोटं पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ड्राइव्हचा पत्ता देऊन चालवा. एकच ड्राइव्ह असेल तर तो बहुधा 'एसआर०' असतो. आधी माहिती येते, शेवटी रीजन बदलायचा का, असं विचारलं जातं. तिथे 'एन' दाबा.

'टाइप'समोर 'नन' असेल तर रीजन अजून ठरवलेलाच नाही. नव्या ड्राइव्हवर सिनेमाची डिस्क न चालण्याचं हे नेहमीचं कारण, आणि रीजन एकदा ठरवला की काम होतं. 'सेट' म्हणजे ठरवलेला, 'लास्ट चान्स' म्हणजे एकच संधी बाकी, 'पर्म' म्हणजे कायमचा. त्याखालचा 'मास्क', म्हणजे चालणारा रीजन दाखवणारा दोन अक्षरी कोड, उलटा वाचायचा. तो ० आणि १ मध्ये मांडला की आठ आकडे (बिट) होतात. ते उजवीकडून मोजा, जिथे ० असेल तो चालणारा रीजन. 'इएफ' म्हणजे १११०११११, शून्य उजवीकडून पाचव्या जागी, म्हणून रीजन ५. 'एफइ' असेल तर १.

प्रश्न : सिनेमा लावायला व्हीएलसी हे फुकटचं प्लेयर सॉफ्टवेअर वापरलं तर रीजन बघावाच लागत नाही ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : पुष्कळदा नाही लागत, पण भरवसा धरू नका. व्हीएलसी स्वतः रीजन विचारत नाही. रीजन जुळत नसेल तर ड्राइव्ह डिस्कची किल्ली (तिच्यावरचं सांकेतिक कुलूप उघडणारा आकडा) देत नाही, मग व्हीएलसी ती गणिताने हुडकतं. त्यामुळे सुरू व्हायला वेळ लागतो. काही ड्राइव्ह, विशेषतः लॅपटॉपमधले, रीजन चुकला तर मूळ डेटाच वाचू देत नाहीत. तिथे व्हीएलसीचंही काही चालत नाही.

उलट, विंडोज १० वर कुठलीच सिनेमाची डीव्हीडी लागत नसेल तर रीजनवर आळ घेऊ नका. विंडोज ८ पासून मीडिया प्लेयरमधून डीव्हीडी चालवण्याची सोयच काढलेली आहे. अशा वेळी व्हीएलसी टाकणं हा सोपा उपाय.

प्रश्न : ब्लू-रे ड्राइव्हलाही हेच आकडे? (वाचक, मडगाव)

उत्तर : त्यात डीव्हीडी लावली तर हेच. ब्लू-रे डिस्कचे रीजन मात्र ए, बी, सी असे तीनच आणि भारत सी मध्ये. ते प्लेयरचं सॉफ्टवेअर तपासतं, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणार नाहीत. प्लेयरच्या सेटिंग्जमध्ये बघा.