एकच मित्र असला तरी चालतो, पण तो तोडू देऊ नका

साडेतीन वर्षांचा मुलगा नर्सरीत कडेला उभा राहून नुसता बघतो, खेळला तर एकाच मुलाशी खेळतो, आणि ‘मिसळत नाही’ म्हणून बाईंनी तुम्हाला बोलावलंय. वाचलं आणि आमच्या लेकीचं ज्युनियर केजीचं वर्ष डोळ्यासमोर आलं.

टीव्ही कमी करा, बागेत न्या वगैरे सांगत नाही, ते करतच असाल. कडेला उभं राहून बघणं म्हणजे काही बिघडलंय असं नव्हे. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच लहान मुलांच्या खेळाच्या प्रकारांत त्याची नोंद केली आहे. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधली मुलं वर्षानुवर्षं पाहिली, त्यातली साधारण १५ टक्के अशीच सावकाश रुळणारी होती. पिंडच तसा असतो.

आम्हाला महागात पडली ती शाळा. लेकीची एकच मैत्रीण. डब्याच्या सुट्टीत दोघी पोळीची सुरळी मधोमध तोडून वाटून घ्यायच्या, आणि तेवढ्या वेळात आमची मुखदुर्बळ लेक अखंड बडबडायची. ‘फार अवलंबून राहते’ म्हणून दिवाळीनंतर परस्पर तुकडी बदलली. आम्हाला कळलं ते डायरीतल्या एका ओळीतून! लेकीने वर्गात बोलणंच सोडलं. भेटायला गेलो तर ‘हल्लीचे पालक फार हळवे’ हे ऐकवलं. नव्या तुकडीत रुळेपर्यंत वर्ष सरलं, तोवर मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. अजून संताप होतो.

त्यामुळे माझं मत एकांगी असेल, पण तुकडी बदलायचं निघालं तर लेखी नकार द्या. त्याच मित्राला घरी बोलवा, एकट्यालाच, तासाभरासाठी. कणकेचा गोळा किंवा पाण्याची बादली द्या. मुलाचं लाडकं खेळणं मात्र आधीच कपाटात टाका, नाहीतर त्यावरूनच जुंपते. पाहुण्यांसमोर ‘लाजाळू आहे हो’ म्हणू नका, मुलं तेच धरून बसतात.

मी डॉक्टर नाही. हाकेला ओ देत नसेल, नजर देत नसेल, किंवा घरी बोलतो पण शाळेत महिना उलटला तरी एक शब्द नाही असं असेल, तर बालविकासतज्ज्ञांना दाखवाच.

आणि हो, वाढदिवसाला सगळ्यांच्या आधी पोचा. भरलेल्या हॉलमध्ये, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांत शिरणं या मुलांना जड जातं. रिकाम्या हॉलमध्ये एकेक जण येताना बघितला की जमतं.