फ्लाय फिशिंग शिकायचं आहे, सुरुवात कशी करू?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: रॉड कोणता घ्यावा, लांब फेकायला किती दिवसांत जमेल, आणि साध्या गळाने मासे धरायची जी सवय आहे तिचा इथे उपयोग होईल का. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझी सगळी फजिती तिथेच झाली होती.

साध्या गळाला आपण शिसं बांधतो आणि ते शिसं फेकतो. बारीक दोरी नुसती मागून ओढली जाते. फ्लायला जवळजवळ वजनच नसतं. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला किडा तो, जोरात फुंकर मारली तर उडून जाईल. म्हणून इथे वजन असतं ते दोरीला. लेप दिलेली, जाडसर दोरी हवेत उलगडत जाते आणि फ्लाय तिच्या टोकाला लटकून पोचते. मी सुरुवातीला जुन्या सवयीने दंडाचा जोर लावून फेकत राहिलो आणि दोरी दर वेळी पायाशी गोळा होऊन पडायची. पाणी वाचायची तुमची नजर इथे सोन्यासारखी कामाला येईल, हाताची सवय मात्र मोडावी लागेल.

रॉडचं उत्तर सोपं आहे: ९ फुटी, ५ वेट. हा ५ आकडा खरं तर दोरीच्या वजनाचा. ५ वेट दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतं. रॉड आणि दोरी एकाच आकड्याची घ्या. दोरी तरंगणारी आणि वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या भागात जड असलेली. लहान-मध्यम माशांसाठी रील म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची फिरकी, तिच्यावर फार खर्च करू नका. तेच पैसे दोरीवर घाला. दोरीपुढे लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा ९ फुटी पारदर्शक धागा, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक धागा. टिपेटवर ४एक्स, ५एक्स असं लिहिलेलं असतं. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच. आकडा वाढला की टिपेट बारीक होतं, हे उलटं आहे, पण सवय होते. वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), खिशांचं जाकीट वगैरे आत्ता काही नको.

आता फेकण्याबद्दल. पहिले काही आठवडे पाण्याकडे जाऊच नका. मोकळ्या गवतावर उभे राहा आणि फ्लायच्या जागी लोकरीचा रंगीत तुकडा बांधा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा दोन तास हात दुखवण्यापेक्षा ते बरं.

ओल्या हाताचं पाणी झटकताना हात वेगाने जातो आणि एकदम थांबतो, पाणी उडतं ते त्या थांबण्यामुळे. रॉडचंही तसंच आहे. हळू सुरुवात, वाढता वेग आणि खटकन थांबा. मागे थांबलात की दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट पाहा. ही वाट पाहणं सगळ्यात अवघड आहे, मला अजूनही घाई होते. मागून चाबकासारखा आवाज आला तर समजा दोरी उलगडायच्या आत पुढे ओढलीत. नदीवर त्या आवाजासरशी फ्लाय तुटून गेलेली असते. मान वळवून मागे पाहायला लाजू नका. मनगट मागे कलंडू देऊ नका, नाहीतर रॉडचं टोक मोठा अर्धगोल काढतं आणि दोरीचा फासा रुंद होऊन वाटेतच कोसळतो.

टिपेटवर आपोआप पडणाऱ्या गाठींना विंड नॉट म्हणतात. वारा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. पुढे फेकताना आपण मध्येच धसमुसळा जोर लावतो म्हणून त्या पडतात. अशी गाठ दिसली की टिपेट बदला, ते तिथेच तुटतं.

लांब फेकायची चिंता सोडा. माझे पहिल्या वर्षीचे बहुतेक मासे ३० फुटांच्या आतले होते. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून, हळू गेलात तर पुष्कळ जवळ जाता येतं. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून वाहतं त्या रेषेवर नजर ठेवा. मासा संथ बाजूला आरामात थांबतो आणि शेजारून वाहत जाणारं खाणं उचलतो.

पण तिथे फ्लाय पडली म्हणजे झालं नाही. मधल्या वेगवान पाण्यात दोरीला पोट सुटतं आणि ती फ्लायला फरफटत नेते. खरा किडा असा पळत नाही, मासा लगेच ओळखतो. म्हणून फ्लाय पडल्याबरोबर रॉडचं टोक उचलून दोरीचं ते पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचं. याला मेंडिंग म्हणतात. माझ्या मते मासे मिळायला लागतात ते हे जमल्यावर, फेक सुधारल्यावर नाही.

फ्लाय पाच-सहा पुरतात: तरंगणाऱ्यांत अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बुडणाऱ्यांत फेजंट टेल आणि हेअर्स इअर, शिवाय एखादी वुली बगर. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचं बरंचसं खाणं पाण्याखाली चालतं, त्यामुळे बुडणाऱ्यांना कमी लेखू नका.

मासा लागला की जुना हात हिसका देईल. माझा पहिला चांगला मासा मी असाच घालवला, टिपेट तट्कन तुटलं. रॉड नुसता वर उचला, पुरतं. गाठ आवळण्याआधी ओली करा. माशाला हात लावण्याआधी हातही ओले करा, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जपायला हवा. परवाना आणि हंगामाचे नियम आधी पाहून ठेवा.

चष्मा आणि टोपी पहिल्या दिवसापासून. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. माझ्याच फ्लायने एकदा माझ्या कानाची पाळी पकडली होती, काटा दाबलेला होता म्हणून ती सहज निघाली.

गवतावर ३० फुटांवर एक परात ठेवा. दहातले सहा-सात वेळा लोकर परातीत पडायला लागली की नदीवर जा, आणि पहिली फेक टाकण्याआधी मागे झाड नाही ना ते बघा.