रोहिताची चोच, योगायोग आणि रचनाकार

प्रश्न : ठाणे खाडीत रोहित पक्षी पाहताना आमच्यात वाद झाला. डोके उलटे करून चिखलपाणी गाळणारी त्यांची चोच निव्वळ योगायोगाने घडली, हे मला पटत नाही. मग ती एखाद्या बुद्धिमान रचनाकाराने घडवली असे मानण्यात विज्ञानाची अडचण कोणती?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : निव्वळ योगायोगाने अशी चोच घडणार नाही, हे कोणताही जीवशास्त्रज्ञ मान्य करील. अडचण आहे ती ‘योगायोग नाही, म्हणून रचनाकार’ या उडीत. जनुकांतील बदल प्राण्याची गरज पाहून होत नाहीत, योगायोगाचा भाग एवढाच. त्यांतले कोणते बदल टिकतील हे मात्र अन्न कोणाला अधिक मिळाले आणि पिल्ले कोणाची जगली यावर ठरते, आणि या निवडीचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो.

‘अर्धवट गाळणीचा उपयोग काय?’ असे यावर हमखास विचारले जाते. हिवाळ्यात आपल्या पाणथळ जागी येणारा थापट्या बदक पाहा. त्याच्या चोचीच्या कडांना पाणी गाळणाऱ्या बारीक पट्ट्यांची दाट रांग असते. इतर अनेक बदकांत त्या आखूड व विरळ असतात, तर कलहंस त्यांचा उपयोग मुख्यतः गवत तोडण्यासाठी करतात. देवमाशाच्या तोंडातील गाळणी कशी विकसित झाली असेल हे सांगताना डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या 1872 च्या आवृत्तीत हाच क्रम मांडला होता. बदक हा रोहिताचा पूर्वज नव्हे. पण गाळणीच्या प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी पोट भरते, एवढे यातून दिसते.

सजीव बुद्धिमान रचनाकाराने घडवले असे मानणाऱ्या ‘इंटेलिजंट डिझाइन’ या मताचे पुरस्कर्ते मायकेल बीही यांनी 1996 मध्ये जिवाणूच्या कशाभिकेचे (पोहण्यासाठी फिरणाऱ्या शेपटीसारख्या अवयवाचे) उदाहरण दिले : एक भाग काढला तरी ती बंद पडते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडणे शक्य नाही. परंतु तिच्यातील काही प्रथिनांशी साधर्म्य असलेली यंत्रणा काही जिवाणू इतर पेशींत प्रथिने टोचण्यासाठी वापरतात; म्हणजे पूर्ण कशाभिका नसतानाही अशा भागांचा दुसरा उपयोग होऊ शकतो. अमेरिकेतील डोव्हर येथील शाळांच्या खटल्यात 2005 साली न्यायालयाने ही मांडणी विज्ञान नसल्याचा निर्णय दिला. रचनाकार कोण, त्याने केव्हा व कशी रचना केली, यांविषयी ती काहीच सांगत नाही; मग चाचणी कशाची घ्यायची?

प्रश्न : मग देवावरची श्रद्धा सोडायची का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तसे मुळीच नाही. डोव्हर खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत. आपल्याकडेही जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असलाच पाहिजे, असा युक्तिवाद न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’त केला, उलट मीमांसादर्शनाचे तत्त्वज्ञ कुमारिल भट्ट यांनी जगाचा निर्माता नाकारला, आणि तरीही वेदप्रामाण्यासाठी ते बौद्धांशी आयुष्यभर वाद घालत राहिले.